आरशातला परका : एका लक्षणाचा इतिहास

आमच्या विभागात तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून अंतर्गत मूल्यमापनासाठी एक ललित निबंध लिहून घेण्याची पद्धत आहे. विषय त्यांनीच निवडायचा. काही वर्षांपूर्वी अशा एका गठ्ठ्यात चार पानांचा एक निबंध आमच्या हाती आला. लिहिणारा मुलगा मागच्या बाकावर बसणारा, फारसा न बोलणारा. घरचे झोपल्यावर तो मोरीतल्या आरशासमोर उभा राहतो आणि चेहरा जागेवर आहे ना हे पाहतो, असे त्याने लिहिले होते. चेहरा असतो, पण तो आपला आहे हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते. चार पानांत ‘मी विचार करतो’ असे वाक्य एकदाही नव्हते. ‘विचार चालू असतात’, ‘हात वर जातो’, ‘बोलणे होते’ अशी कर्त्याला गाळणारी रचना सलग होती. आम्ही भारावून गेलो. ‘परात्मतेचा उत्कट आविष्कार. शैली लक्षणीय.’ असा शेरा लाल शाईने समासात लिहिला, वीसपैकी अठरा गुण दिले आणि स्टाफरूममध्ये त्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचूनही दाखवला.

पुढच्या सत्रात तो यायचा थांबला. दिवाळीनंतर त्याचा थोरला भाऊ फीसंबंधीच्या अर्जावर सही घ्यायला आला तेव्हा कळले, की त्याच्यावर मनोविकारतज्ज्ञांचे उपचार चालू आहेत. काहीतरी बदलले आहे हे घरच्यांना वर्षभर जाणवत होते, पण अभ्यासाचा ताण असेल म्हणून कोणी खोलात गेले नव्हते. घरच्यांना नुसती शंका होती. आमच्याकडे चार पाने लेखी होती. (मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.)

त्यानंतर जमेल तसे या विषयावरचे वाचत गेलो. आम्ही वैद्यकातले नाही. मराठीचे प्राध्यापक आहोत. पण वाचता वाचता लक्षात आले, की हा इतिहास आपल्या विषयाला अगदी लागून जातो. किंबहुना आपण वर्गात रोज वापरतो त्यातले काही शब्द तिकडूनच आलेले आहेत आणि येताना त्यांच्या अंगावरची दुखणी वाटेत गळून पडली आहेत.

‘परात्मता’ हाच शब्द घ्या. अस्तित्ववाद आणि मार्क्सवाद यांच्या चर्चेतून तो साठोत्तरी मराठी समीक्षेत रुळला. ज्या फ्रेंच आणि इंग्रजी शब्दासाठी आपण तो योजला, त्या ‘एलिएनेशन’चा एकोणिसाव्या शतकातला सर्रास अर्थ मात्र वेड असाच होता. वेड्याला फ्रेंचमध्ये ‘आलिएने’, म्हणजे स्वतःला परका झालेला, म्हणत आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला ‘एलिएनिस्ट’. आपण कादंबरीच्या नायकाला परात्म म्हणतो तेव्हा त्याला एक प्रकारची प्रतिष्ठा देत असतो. रुग्णालयाच्या नोंदवहीत त्याच शब्दाने माणसाची प्रतिष्ठा जात असे.

या इतिहासाची सुरुवात कुठून धरायची याबद्दल मतभेद संभवतात. आम्ही ती १८७१पासून धरतो, आणि आमचे कारण वाङ्मयीन आहे. जर्मनीतल्या गॉर्लिट्झ येथे कार्ल कालबाउम यांचे खासगी मनोरुग्णालय होते. तिथे काम करणाऱ्या एवाल्ड हेकर या तरुण डॉक्टरने त्या वर्षी ‘हेबेफ्रेनिया’ या नावाने एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. हेबे ही ग्रीकांची तारुण्याची देवता. हा विकार तारुण्याच्या उंबरठ्यावर सुरू होतो, म्हणून तिचे नाव. हेकरने आपल्या लेखात रुग्णांची पत्रे छापली आणि त्यांतल्या वाक्यरचनेची चिकित्सा केली. एकच कल्पना न सोडता घोळवत राहणारे, बोजड भाषेतून एकदम गावठी बोलीत उतरणारे, कुठे थांबावे हे न उमगलेले असे ते लेखन होते. रोगाची खूण त्याने रचनेत शोधली. शैलीविचाराच्या तासाला आपण हेच करतो, फरक एवढाच, की आपल्या विश्लेषणावर कोणाचे आयुष्य अवलंबून नसते. किमान असे आम्ही समजत होतो.

पुढे एमिल क्रेपेलिनने १८९०च्या दशकात ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’, म्हणजे अकाली बुद्धिक्षय, या मोठ्या छत्राखाली हेबेफ्रेनियालाही घेतले. ऑयगेन ब्लॉयलरने १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द सुचवला आणि १९११ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. मराठीत आपण ‘छिन्नमनस्कता’ म्हणतो. ही नावे सर्वांना ठाऊक असतात. पण त्या पिढीत आणखी एक प्रश्न चालू होता, तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. भास आणि भ्रम ही या विकाराची ठळक लक्षणे खरी. पण ती मुळाशी आहेत, की मुळाशी दुसरेच काही बिघडले आहे? क्रेपेलिनने वाद्यवृंद आहे पण संचालक नाही, अशी उपमा दिली होती. व्हिएन्नाच्या योसेफ बेर्त्सेने १९१४ मध्ये असे प्रतिपादन केले, की जाणिवेची मूलभूत क्रियाशीलताच इथे क्षीण होते. त्याच्या एक वर्ष आधी, १९१३ मध्ये, कार्ल यास्पर्सचा मनोविकृतिशास्त्रावरचा ग्रंथ आला. पुढे तत्त्वज्ञ म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच हे यास्पर्स. त्या वेळी ते हायडेलबर्गच्या मनोरुग्णालयातले तिशीचे डॉक्टर होते. ‘मी’च्या जाणिवेचे त्यांनी चार धागे सोडवून दाखवले : हे मी करतो आहे, या क्षणी मी एकच आहे, काल होतो तोच मी आज आहे, आणि जगापासून मी वेगळा आहे. आपल्याला हे चारही धागे कधी दिसत नाहीत. त्यांतला एखादा सैल झाला, की मगच तो तिथे होता हे कळते.

मुलाच्या निबंधातली ‘बोलणे होते’ ही रचना यांतल्या पहिल्या धाग्याची होती. आम्ही तिला कर्मणी-भावे प्रयोगाचे वळण समजलो.

इथे थोडे मागे जाऊन एका रोजनिशीबद्दल सांगायला हवे. जिनिव्हात सौंदर्यशास्त्र आणि पुढे तत्त्वज्ञान शिकवणारा आंरी-फ्रेदेरिक आमिएल हा प्राध्यापक हयातीत फारसा कोणाला माहीत नव्हता. १८८१ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्यामागे जवळजवळ सतरा हजार पानांची रोजनिशी निघाली. १८८०च्या एका नोंदीत, आपण जणू थडग्यापलीकडून जगाकडे पाहत आहोत आणि आपले व्यक्तित्वच सुटून गेले आहे, अशा अर्थाचे त्याने काही लिहिले आहे. तिथला शब्द उचलून ल्युदोविक द्युगा याने १८९८ मध्ये ‘डीपर्सनलायझेशन’ ही संज्ञा रूढ केली. म्हणजे मनोविकारशास्त्रातली एक महत्त्वाची संज्ञा थेट एका साहित्यप्रेमी प्राध्यापकाच्या रोजनिशीतून आलेली आहे. आमिएल वेडा नव्हता. तो तसा झालाही नाही. ‘जणू’ हा शब्द त्याच्या हातून कधी सुटला नाही.

या ‘जणू’ला वैद्यकातही मोठे महत्त्व आहे. आरशातला चेहरा जणू दुसऱ्याचा आहे असे म्हणणारा मुलगा आणि आरशातला चेहरा दुसऱ्याचा आहे असे म्हणणारा मुलगा यांच्यामध्ये डॉक्टर एक रेघ ओढतात. आपण अलंकार शिकवताना हीच रेघ उत्प्रेक्षा आणि रूपक यांच्यामध्ये ओढतो. जणू, गमे, वाटे आले, की उत्प्रेक्षा. ते गेले आणि उपमेय-उपमान एकच झाले, की रूपक. उत्तरपत्रिकेत ही एका गुणाची गोष्ट असते. धोक्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलांचे बोलणे बहुतेक उत्प्रेक्षेतच असते, आणि म्हणूनच ते ऐकणाऱ्याला नुसते काव्यमय वाटते. अनुभवाला शब्द सापडत नाही, म्हणून तो मुलगा प्रतिमा धरतो. प्रतिमा चांगली साधली, की आपण तिलाच दाद देतो.

आता आरशाकडे वळू. १९२९ आणि १९३० मध्ये फ्रान्समध्ये आशिल देल्मा आणि पोल आबेली या मनोविकारतज्ज्ञांनी ‘आरशाची खूण’ या नावाने एका लक्षणावर लिहिले. काही तरुण रुग्ण आरशासमोर, किंवा खिडकीच्या काचेसारख्या कोणत्याही चकाकणाऱ्या पृष्ठभागासमोर, वारंवार आणि बराच वेळ स्वतःला न्याहाळत राहतात, आणि विकार उघड होण्याच्या आधीही हे दिसू शकते, असे ते निरीक्षण होते. त्याआधी १९२३ मध्ये जोसेफ काप्ग्रा यांनी एका बाईंची हकिगत प्रसिद्ध केली होती. आपल्या घरच्या माणसांच्या जागी हुबेहूब दिसणारे तोतये आले आहेत, असे त्या बाईंना वाटे. ओळख म्हणजे नुसते नाक-डोळे जुळणे नव्हे, हे या दोन्ही निरीक्षणांत आहे. चेहरा जुळतो, तरीही ‘हा तोच’ ही खात्री त्यामागून येत नाही.

याच फ्रान्समधला मनोविकारशास्त्राचा एक तरुण डॉक्टर १९३६ मध्ये मारिएनबाडच्या मनोविश्लेषण परिषदेत आरशावरच बोलायला उभा राहिला. अध्यक्षांनी त्याला दहाएक मिनिटांत थांबवले. तो जाक लाकां. त्याची ‘आरसा-अवस्था’ आपण आता समीक्षेच्या अभ्यासपत्रिकेत शिकवतो : मूल आरशात स्वतःला पाहून हरखते आणि त्या प्रतिमेत ‘मी’ला बांधून घेते. आम्हीही हे खूप वर्षे शिकवले. आरशात स्वतःला न सापडणाऱ्या मुलांबद्दलचे आबेलींचे निरीक्षण त्याच्या सहाच वर्षे आधीचे, त्याच देशातले. एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला असा आमचा दावा नाही. पण हरखणाऱ्या मुलाची गोष्ट आमच्यापर्यंत पोचली आणि न हरखणाऱ्याची पोचली नाही, हे मात्र खरे.

एक सावधगिरी इथेच सांगून टाकतो, कारण हा लेख वाचणारे बहुतेक जण तरुण मुलांमध्ये वावरतात. आरशासमोर वेळ घालवणे हे या वयाचे लक्षण आहे, रोगाचे नव्हे. कोणताही मुलगा भांग पाडताना दहा मिनिटे उभा राहतो. विचारायचे ते हे, की तो काय शोधतो आहे.

क्लाउस कोनराट या जर्मन डॉक्टरने १९५८ मध्ये सुरुवातीच्या छिन्नमनस्कतेवर एक पुस्तक लिहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी रुग्णालयात तपासलेल्या १०७ सैनिकांच्या हकिगती त्याला आधार आहेत. भ्रम उघड होण्याआधीच्या टप्प्याला त्याने ‘ट्रेमा’ म्हटले. हा नटमंडळींचा शब्द आहे. रंगमंचावर पाऊल टाकण्याआधी पोटात येणारा गोळा, तो ट्रेमा. काहीतरी घडणार आहे, सगळे आपल्याकडे पाहणार आहेत, पण नाटक कोणते ते ठाऊक नाही. शब्द सुंदर आहे. पण त्याच्या पार्श्वभूमीचा विसर पडू नये. १४ जुलै १९३३च्या जर्मन कायद्याने ज्यांची सक्तीने नसबंदी करायची त्या विकारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत विषारी वायूच्या केंद्रांत सुमारे ७० हजार रुग्णांना ठार मारण्यात आले, त्यांत हे निदान झालेले असंख्य होते. त्या देशात त्या काळात ‘हा मुलगा वेगळा वागतो आहे’ हे लवकर ओळखणे म्हणजे काय होते, याचा विचार केला, की लवकर ओळखण्याबद्दलच्या आजच्या उत्साहाला जरा लगाम बसतो.

युद्धानंतरच्या लेखनात आमच्या मनात सर्वांत जास्त रुतले ते वोल्फगांग ब्लांकेनबुर्ग यांचे १९७१चे पुस्तक. त्याच्या केंद्रस्थानी आने या टोपणनावाची विशीतली एक रुग्ण आहे. तिला भास होत नव्हते, भ्रम नव्हते. तिची तक्रार अशी, की आपल्यात काहीतरी अगदी क्षुल्लक कमी आहे. इतके क्षुल्लक की सांगताना हसू यावे, पण त्याच्यावाचून जगता येत नाही. कोणत्या प्रसंगी कोणते कपडे घालावेत, कोणाशी कसे बोलावे, हे इतर मुलींना आपोआप कळते आणि आपल्याला प्रत्येक गोष्ट विचार करून ठरवावी लागते. हे ‘आपोआप कळणे’ हरवले आहे, असे ती म्हणे, आणि त्यासाठी तिने वापरलेलाच शब्दप्रयोग ब्लांकेनबुर्गने पुस्तकाच्या नावात घेतला. जगण्यातला सहजपणा हरवणे, असे आपण म्हणू. एका मुलीने चाचपडत, वाक्य अर्धवट सोडत सांगितलेल्या गोष्टीतून डॉक्टरने अख्खा ग्रंथ उभा केला. आणि ते करताना तिचे चाचपडणे सुबक करून टाकले नाही. वाचन म्हणजे काय, याचा इतका चांगला नमुना आम्ही समीक्षेतही फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

जपानचे किमुरा बिन (१९३१-२०२१) याच वाटेने गेले, पण त्यांनी सुरुवात भाषेपासून केली. जपानीत स्वतःला ‘जिबुन’ म्हणतात. त्यातल्या दुसऱ्या अक्षराचा अर्थ वाटा. ‘मी’ म्हणजे सामायिक असे जे काही आहे त्यातला माझ्या वाट्याला आलेला भाग. तेव्हा बिघाड एकट्याच्या डोक्यात शोधण्यापेक्षा माणसामाणसांच्या मधल्या जागेत शोधावा, असे त्यांचे म्हणणे. हे वाचताना आम्हाला मराठीतले ‘आपण’ आठवले. ‘आपण जाऊ’ म्हणताना त्यात समोरचाही असतो, ‘आपण बसावे’ म्हणताना समोरचाच असतो, आणि ‘आपला आपण निघून गेला’ म्हणताना फक्त स्वतः. एकाच शब्दात आपली भाषा तिन्ही सांभाळते. मुलाच्या निबंधात ‘आपण’ही नव्हते, हे आम्ही नंतर पुन्हा पाहिले.

१९८०नंतर मात्र ही सगळी चर्चा मागे पडली. अमेरिकेच्या निदानपुस्तिकेच्या त्या वर्षीच्या तिसऱ्या आवृत्तीने दोन डॉक्टरांचे निदान एकच यावे यावर भर दिला. मोजता येतील अशी लक्षणे यादीत आली. आनेची तक्रार कोणत्या रकान्यात भरणार? पुढे १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला पॅट्रिक मॅकगोरी, अ‍ॅलिसन युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पेस’ हे केंद्र सुरू केले, ते पूर्ण विकार होण्याआधीच्या तरुणांसाठी. त्यातून ‘अतिजोखमीची अवस्था’ ही कल्पना जगभर गेली. तिच्यावर टीकाही झाली आणि ती रास्त होती. २०१२ मध्ये पाओलो फुझार-पोली आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा अशा अवस्थेतल्या तरुणांपैकी वर्षभरात सुमारे २२ टक्के आणि तीन वर्षांत सुमारे ३६ टक्के पूर्ण विकाराकडे गेलेले दिसले. म्हणजे बहुसंख्य गेले नाहीत. त्यांच्या कपाळावर शिक्का कशाला? २०१३च्या अमेरिकन पुस्तिकेने हे निदान मुख्य भागात घेतले नाही, पुढील अभ्यासासाठी मागे ठेवले. ब्रिटनच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत अशा मुलांना आधी बोलण्याचे उपचार द्यावेत, मनोविकृतीवरची औषधे देऊ नयेत, असे आहे.

‘मी’चा जुना प्रश्न परत आला तो कोपनहेगनहून. योसेफ पार्नास आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये स्वानुभवातल्या बदलांची चौकशी करण्यासाठी मुलाखतीचा एक आराखडा प्रसिद्ध केला. त्यात पाच विभागांत ५७ मुख्य मुद्दे आहेत. शरीरानुभवाच्या विभागात आरशासंबंधीचा एक स्वतंत्र मुद्दा आहे. आबेलींची खूण पाऊणशे वर्षांनी तिथे पुन्हा सापडते. प्रश्न होय-नाहीचे नाहीत. रुग्णाला स्वतःच्या शब्दांत उदाहरण सांगू द्यायचे आणि ते त्याच शब्दांत टिपून घ्यायचे, अशी पद्धत आहे. २०१२ मध्ये मेलबर्नच्या बार्नबी नेल्सन आणि सहकाऱ्यांनी अतिजोखमीच्या ४९ तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्यात स्वत्वाच्या जाणिवेतले असे बदल अधिक होते, त्यांच्यात पुढे विकार होण्याचे प्रमाणही अधिक आढळले. संख्या लहान आहे, हे खरे. पण २०२२पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात स्किझोफ्रेनियाच्या वर्णनात विचार आणि संवेदन यांच्याबरोबर स्वानुभवातला बिघाडही नमूद आहे.

मराठी माणसाला हे ऐकताना एक अडचण येते, ती इथे मांडायलाच हवी. ‘मी’ विरघळणे ही आपल्याकडे हानी मानलीच जात नाही. मीपणा जावा म्हणून तर सारी साधना. ‘चांगदेव पासष्टी’त ज्ञानदेवांनी आरशाचा दृष्टान्त घेऊन पाहणारा आणि पाहिले जाणारे यांतला भेदच मावळवला आहे, तिथे आरसा नसला तरी मुखाचे काही उणे होत नाही. त्या परंपरेत वाढलेल्या मास्तरांनी ‘मी असा काही उरलोच नाही’ असे वाक्य वाचले, की त्यांना आधी अध्यात्म आठवते, मग आधुनिकता. मुलाची प्रकृती आठवतच नाही. पण ज्ञानदेवांच्या आरशात भीती नाही. आणेवारीचा हिशेब करणारा, वारीत पायाला फोड आले म्हणून कण्हणारा वारकरी ‘मी नाही’ म्हणतो तेव्हा त्याची भाकरी, त्याची दिंडी, त्याचा विठोबा सगळे जागच्या जागी असते. आमच्या विद्यार्थ्याच्या मोरीत रात्री एक वाजता यांतले काहीच नव्हते. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ आला, तेव्हा छिन्नमनस्कतेची ओळख पुष्कळ मराठी घरांना झाली. पण तो विकार उघड झाल्यानंतरचा काळ. त्याआधीचे ते एक-दोन वर्षांचे चोरपावलांचे दिवस आपल्या साहित्यात असतीलही. असले, तर आपण त्यांना बहुधा दुसऱ्याच नावाने शिकवत आहोत.

तो मुलगा बराच सावरला. दोन वर्षांनी त्याने बहिःस्थ विद्यार्थी म्हणून राहिलेल्या विषयांची परीक्षा दिली. गुणपत्रिका न्यायला आला तेव्हा थोडा जाड झाला होता, औषधामुळे हात किंचित थरथरत होते, पण डोळ्याला डोळा देऊन बोलत होता. जाताना त्याने तो निबंध परत मागितला. अंतर्गत मूल्यमापनाचे कागद ठरावीक मुदतीनंतर रद्दीत जातात, पण हा आम्ही कपाटात वेगळा ठेवला होता. त्याने उभ्याउभ्याच चारही पाने चाळली, शेवटच्या पानावरच्या समासात थांबला आणि लाल शाईतला शेरा दोनदा वाचला. मग विचारले, “सर, हे मी खरंच घडतंय म्हणून लिहिलं होतं. तुम्हाला तसं वाटलं नव्हतं का?”